वॉटीला मोजायचं नाही

बुधवारी सव्वादहाला नेटा इम्री गावातल्या चर्चच्या हॉलचं कुलूप काढायची, चहाची मोठी किटली भरून ठेवायची आणि मग नवऱ्याच्या कोटाची बटणं पुन्हा लावायची. घरून निघताना ती लावलेलीच असायची. पण घर ते हॉल एवढ्या दहा मिनिटांत वॉटी त्यातली दोन-तीन तरी काढून ठेवायचा.

"उकडतंय का तुला?"

"नाही गं."

"मग काढतोस कशाला?"

"मी कुठे काढतो? सुटतात ती," वॉटी म्हणायचा आणि हनुवटी वर करून निमूट उभा राहायचा.

साडेदहापर्यंत मंडळी जमायची. पर्थ गावात चालणाऱ्यांचे तीन गट होते. टेकड्या चढणारे शनिवारी निघत, झपाझप चालणारे सोमवारी. बुधवारचा गट नेटाचा. सपाट वाट, पायऱ्या नाहीत, नदीकाठाने एक तास, मध्ये टेकायला दोन बाकं आणि शेवटी हॉलमध्ये चहा. गुडघे बदललेले, जोडीदार गेलेले, डॉक्टरांनी दटावून पाठवलेले असे सगळे तिच्या वाट्याला येत. त्यात सगळ्यांत थोरल्या मिसेस पिरी. वय एक्याऐंशी, दोन्ही हातांत काठ्या. जिभेला मात्र कसलाच आधार लागत नसे.

"नेटा, तुझी ही सपाट वाट," त्या दर बुधवारी म्हणत, "म्हणजे आमच्या ह्यांचं 'पाच मिनिटांत आलोच' होतं ना, तसली आहे. ऐकायला गोड."

"पुढच्या खेपेला पालखी मागवते तुमच्यासाठी."

"मागव. उचलणारे तरणेताठे बघून आण म्हणजे झालं."

नेटा सर्वांत पुढे चालायची आणि ह्यू सर्वांत मागे. ह्यूने तीस वर्षं टपाल वाटलं होतं. गावातला एकही दरवाजा आणि एकही कुत्रा त्याला नवा नव्हता. दोघांनी मिळून वाचनालयात एक दिवसाचं शिक्षण घेतलं होतं, पिवळी जाकिटं मिळवली होती. नियम साधे होते. पुढच्याने वाट ठरवायची आणि सारखं मागे वळून बघायचं नाही. नाहीतर सगळी रांग अडखळते. मागच्याच्या मागे कुणीही उरता कामा नये. आणि तीनदा डोकी मोजायची: निघताना, परतीच्या पुलावर, आणि हॉलच्या दारात.

त्यांचे बहुतेक तेरा भरत, नेटा आणि ह्यू धरून. वॉटी त्यात नसे. वॉटीला कुणी मोजत नसे.

ही गोष्ट गटात सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणाला तिचं नवल उरलं नव्हतं. वॉटी जाळीवाल्या कोळ्यांच्या घरातला. पंधराव्या वर्षापासून तो टे नदीवर सॅमन मासे धरायला जायचा. गावाच्या खाली, जिथे नदी रुंद होते आणि भरतीचं पाणी वर चढतं, तिथे त्याच्या बापाची, आज्याची होडी होती. त्या लोकांत होडीवर माशाचं नाव घेत नाहीत; 'तांबडा' म्हणतात. चुकून नाव निघालंच तर लोखंडाला हात लावतात. आणि माणसं मोजत नाहीत. वॉटीचा धाकटा काका विशीत असताना कुणी बडे पाहुणे नदीवर आले होते. होडी सुटताना त्यांनी हातातल्या छडीने एकेकाकडे बोट केल्यासारखं करून मोठ्याने मोजलं, "सहा जण. वा." संध्याकाळी पाचच परत आले; काका त्यांत नव्हता. त्या दिवसापासून इम्रींच्या घरात माणसं मोजायची बंद झाली.

लग्नाच्या वेळी नेटाच्या आईने ताटांसाठी पाहुणे मोजायला घेतले, तर नवरदेव उठून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिला. हॉटेलात "किती जण?" विचारलं की तो सांगायचा, "पुरेसे." कर्स्टी जन्मली तेव्हा नर्सने विचारलं, आता घरात किती झालात? तेव्हाही, "पुरेसे." जनगणनेचा कागद आला की नेटा तो स्वयंपाकघरात लपून भरायची. सुरुवातीला तिला हसू यायचं, मग राग यायचा, मग सवय झाली. सेहेचाळीस वर्षांत माणसाच्या कितीतरी गोष्टी आपल्याच होऊन जातात. हल्ली दुकानात रांगेत उभी असताना समोरची माणसं मोजायचं तिच्याच जिवावर यायचं.

जाळी बंद झाली त्याला पुष्कळ वर्षं लोटली. वॉटीने पुढे नगरपालिकेच्या बागांत काम केलं, नदीतल्या बेटावर जमिनीचा एक तुकडा भाजीसाठी कसला, आणि तीन वर्षांपूर्वी, बटाट्यांच्या वाफ्यात दुसऱ्यांदा तेच बटाटे लावून आल्यावर, तो तुकडाही नेटाने सोडून दिला. मग एकेक गळत गेलं. शेजाऱ्याचं नाव. चमचा कुठला, सुरी कुठली. भाऊ मेलाय हे. नोव्हेंबरात तो सपाता घालून बसथांब्यावर सापडला.

त्यानंतर समाजकल्याण खात्याकडून एक तरुण बाई घरी आल्या. भल्या होत्या. नेटाने दिलेलं मसुराचं सूप त्यांनी बशी तिरकी करून संपवलं.

"मिसेस इम्री, रात्री तुम्हाला झोप मिळते?"

"मिळते की."

"ते घराबाहेर जातात का अधूनमधून?"

"एकदाच गेले. दार लावायचं मी विसरले होते."

"पुन्हा असं झालं तर..." त्या म्हणाल्या, आणि वाक्य तिथेच ठेवून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "मी एक मार्चला परत येईन. तेव्हा आपण ठरवू."

काय ठरवायचं होतं ते नेटाला सांगायला नको होतं. टेकडीवरच्या, म्हाताऱ्या माणसांना सांभाळणाऱ्या मोठ्या घरात जागा रिकामी झाली होती. ॲबर्डीनहून कर्स्टी दर रविवारी फोनवर तेच सांगायची.

"आई, तू अडुसष्ट वर्षांची आहेस. तू पडलीस तर? बाबांना फोनसुद्धा लावता येणार नाही."

"मी पडत नाही."

"असं कुणी ठरवून पडतं का?"

"तुझे बाबा दर बुधवारी चार हजार पावलं चालतात, कर्स्टी. चार हजार. तुझा नवरा तरी चालतो का?"

"विषय बदलू नकोस."

"विषय तोच आहे," नेटा म्हणायची.

तिच्या लेखी खरोखरच विषय तोच होता. बुधवारचं चालणं हा तिचा पुरावा होता. जो माणूस चारचौघांबरोबर नदीकाठाने तासभर चालून येतो, हॉलमध्ये चहा पितो, मिसेस पिरींच्या थट्टेला हसतो, त्याला घरातून कोण उचलून नेईल? समाजकल्याणाच्या बाईंनी दिलेल्या अर्जावर तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: 'दर आठवड्याला गटाबरोबर चालतात. स्वतःचं स्वतः.'

खरं म्हणजे गटाचा आणखी एक नियम होता, आणि तो तिला पाठ होता. ज्याला स्वतःचं स्वतः भान नाही, त्याच्याबरोबर घरचं माणूस हवं. आणि गटाला नेणारा ते माणूस होऊ शकत नाही. एका वेळी सगळ्यांकडे आणि एकाकडे, असं बघता येत नाही. हे नेटाला कळत होतं. पण तिने पिवळं जाकीट उतरवून ठेवलं असतं, तर का उतरवलं ते सांगावं लागलं असतं. म्हणून ती पुढे चालायची, वॉटी मागे ह्यूजवळ चालायचा, आणि ती तासभर पाठीला डोळे फुटल्यासारखी चालायची.

जानेवारीत एकदा कप विसळता विसळता ह्यू हळूच म्हणाला होता, "नेटा, एक सुचवू? रागावू नकोस."

"रागावण्यासारखं असेल तर रागावणार."

"आपण वॉटीला मोजणीत घेऊ या. मनातल्या मनात. त्याला कळणारसुद्धा नाही."

"त्याला कळेल."

"बोट न दाखवता—"

"त्याला कळेल म्हणते ना मी, ह्यू. नाही आवडत त्याला."

ह्यू कप पुसू लागला. नेटाचे हात पाण्यात तसेच राहिले. वॉटीला कळेल, याची तिला भीती नव्हती. तिला भीती होती ती, नाही कळलं तर, याची. भावाचं मरण त्याच्या मनातून गेलं होतं, मुलीचं लग्न गेलं होतं, पण अजूनही कुणी "किती जण?" म्हटलं की तो मान ताठ करून "पुरेसे" म्हणत होता. तेवढा एक जुना वॉटी शिल्लक होता. उगाच हात लावून तो आहे की नाही हे बघायची तिची तयारी नव्हती.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या बुधवारी नदी चढलेली होती. आठवडाभर डोंगरात बर्फ वितळत होतं आणि पाणी चहाच्या रंगाचं, फांद्या-काटक्या घेऊन, जुन्या पुलाच्या कमानींखालून वेगाने चाललं होतं. नदीकाठच्या रस्त्यावर नगरपालिकेची माणसं भिंतीतली पुराची लोखंडी दारं तपासून बघत होती. पण ऊन होतं, आणि ऊन असलं की पर्थमध्ये कुणी घरात बसत नाही.

"रद्द करायचं का?" ह्यूने विचारलं.

"पाणी वाटेपासून खाली आहे अजून. पलीकडच्या बागेतून जाऊ, रोजच्यासारखं."

"जुन्या पुलाने जायचं, राणीच्या पुलाने यायचं?"

"तसंच. आणि ह्यू..."

"वॉटी राहील माझ्याजवळ. काळजी करू नकोस."

दारात ह्यूने मोजलं. तेरा. वॉटी शेजारी उभा होता. त्याची टोपी नेटाने कानांवर ओढली, मफलरची गाठ मारली, खिशात त्याच्या नावाची आणि फोनच्या आकड्याची चिठ्ठी आहे ना ते चाचपून बघितलं. चिठ्ठी होती.

"किती निघालो आज?" मिसेस पिरींनी मुद्दाम वॉटीला विचारलं. त्याला बोलतं करायची त्यांची ही रीत होती.

"पुरेसे," वॉटी म्हणाला, आणि सगळे हसले. तोही हसला.

जुना पूल ओलांडून ते पलीकडच्या बागेत उतरले. गवतात पांढरी, खाली मान घातलेली फुलं उमलली होती, हिवाळा संपत आल्याची. नेटा पुढे चालत राहिली. मागून ह्यूचा आवाज येत होता, मग वॉटीचा. वॉटी नदीबद्दल काही सांगत होता. पाणी असं असलं की तांबडा कुठे दडतो, कुठल्या कडेने वर चढतो. नदीजवळ आला की त्याच्या बोलण्यात गाठी नसायच्या. ते ऐकत नेटा चालली आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, काही पावलं तिची पाठ सैल झाली. पुढे ती पावलं तिने स्वतःला कधी माफ केली नाहीत.

राणीच्या पुलाशी वाट दोन ठिकाणी जाते. उजवीकडे वळून पुलावर चढायचं की गावात परत. सरळ काठाकाठाने गेलं की पुढे रेल्वेचा पूल, आणि त्या पुलावरून बेटावर उतरायचा जिना. नेटा उजवीकडे वळली. तिच्या मागून एकेक वळत गेले. तिथेच, वळणावर, मिसेस पिरींच्या एका काठीचं रबरी टोपण चिखलात निघालं आणि त्या कलंडल्या. ह्यूने त्यांना दोन्ही हातांनी सावरलं, बाकावर टेकवलं, गुडघ्यावर बसून चिखलातून टोपण उकरून काढलं.

"गुडघ्यावर बसलास ह्यू, पण अंगठी कुठाय?" मिसेस पिरी धापा टाकत म्हणाल्या.

"आधी टोपण बसवू द्या, मग बघू."

दोन-तीन मिनिटं गेली असतील. ह्यूने वर पाहिलं तेव्हा जवळ वॉटी नव्हता. पुढे पुलावर लोक दिसत होते, टोप्या दिसत होत्या. गेला असेल नेटापाशी, त्याला वाटलं. पुलावर त्याने मोजलं. तेरा भरले. त्याने नेटाला हात वर करून खूण केली: बरोबर आहे. नेटाने ती खूण पाहिली आणि तिला वाटलं, वॉटी ह्यूजवळ आहे.

हॉलच्या दारात पुन्हा तेरा. ह्यू मोठ्याने म्हणालासुद्धा, "तेरा. सगळे आले."

नेटाने किटलीखालचा खटका दाबला, बिस्किटांचा डबा उघडला, कप मांडले. शेवटी वॉटीचा तपकिरी मग काढला, त्यात दोन चमचे साखर घातली, चहा ओतला, आणि तो घेऊन खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीकडे गेली. खुर्चीवर कुणाचा तरी कोट होता.

"ह्यू, वॉटी मोरीत गेलाय का?"

ह्यूने कप खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्याकडे बघूनच तिला उत्तर मिळालं.

"तो तुझ्याबरोबर होता ना?" तो म्हणाला.

"तुझ्याबरोबर होता," नेटा म्हणाली.

पुढचे दोन तास तिला नीट आठवत नाहीत. वॉटीचा तपकिरी मग हातात होता आणि तो घेऊनच ती नदीपर्यंत धावली, एवढं आठवतं. मिसेस पिरी हॉलच्या पायरीवर बसून मोठ्याने रडत होत्या, हे तिला नंतर कुणीतरी सांगितलं. गटातले सगळे, ज्यांना चार पावलं चालून टेकावं लागे असे सगळे, दोन्ही काठांनी हाका मारत फिरत होते. पोलीस आले. पुलाखालून पाणी जात होतं, आणि नेटा त्या पाण्याकडे बघत नव्हती.

तो सापडला बेटावर. एका पोलिसाला सापडला, दोन वाजायच्या सुमारास. बेटाच्या खालच्या टोकाला पाणी शिरलं होतं आणि वॉटीचा जुना तुकडा नेमका तिथे होता. आता तो दुसऱ्या कुणाचा होता. घोट्यापर्यंत पाण्यात, पालथ्या खोक्यावर वॉटी बसला होता. कोट नव्हता. मांडीवर त्याने वाटाण्याच्या वेलांची जाळी घेतली होती आणि तिची फाटलेली घरं सुतळीने भरत होता. बोटं निळी पडली होती, पण एकही गाठ चुकलेली नव्हती. पोलिसाने पुढे हे मुद्दाम सांगितलं. त्याचा आजाही जाळीवाला होता.

"चला आजोबा, घरी जायचं ना?"

"भरती येतेय," वॉटी म्हणाला. "एवढं उरकू दे."

दवाखान्यात ऊबदार पांघरुणांत गुंडाळलेल्या वॉटीने नेटाला बघून गोड हसून विचारलं, "तुम्ही नवीन का इथे?"

कर्स्टी ॲबर्डीनहून आली. ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. समाजकल्याणाच्या बाई एक मार्चची वाट न बघता दवाखान्यातच आल्या, खुर्ची ओढून नेटाजवळ बसल्या, आणि या खेपेला त्यांनी वाक्य पुरं केलं.

वॉटी घरी आलाच नाही. दवाखान्यातून थेट टेकडीवरच्या घरात गेला. त्याच्या सपाता, दाढीचं सामान, जाड मोजे नेटाने एका पिशवीत घालून नेले. कपड्यांवर नावं शिवायला सांगितली होती. ती दोन दिवस खिडकीत बसून शिवत होती. सदऱ्याच्या आत, चड्डीच्या पट्टीत, मोज्यांच्या काठाला. डब्ल्यू. इम्री. डब्ल्यू. इम्री. कर्स्टी शाळेत जायला लागली तेव्हा तिने अशीच नावं शिवली होती, आणि तेव्हाही हाच विचार डोक्यात होता, की तिथे कुणी हिच्याकडे बघेल ना.

मार्चअखेर ह्यू दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना.

"मी तेरा म्हणालो," तो म्हणाला. "दोनदा म्हणालो."

"तेराच होते."

"मी मान वळवून नुसतं बघायला हवं होतं, नेटा."

"मीसुद्धा."

"तू पुढे होतीस. पुढच्याने—"

"मी त्याची बायको होते," नेटा म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की आपण 'होते' म्हणालो, आणि तिने दाराची चौकट धरली. थोड्या वेळाने तिने आतून आपलं पिवळं जाकीट आणलं. धुऊन, घडी करून ठेवलेलं होतं. ह्यूने ते घेतलं नाही. तिने त्याच्या हातावर ठेवलं.

"तू मोज म्हणाला होतास," ती म्हणाली. "जानेवारीत. मीच नको म्हटलं."

टपाल देताना वाईट बातमीचं पाकीट ओळखू यायचं, तेव्हा ह्यू जसा टोपीला हात लावून वळायचा, तसा तो वळला.

टेकडीवरचं घर स्वच्छ होतं. देखभाल करणाऱ्या पोरी कष्टाळू होत्या, आवाज चढवत नसत. खिमा-बटाटा मऊ शिजवलेला असे. एकच होतं, तिथून नदी दिसत नव्हती. नेटा रोज दुपारी दोनला जायची, दारातल्या पाहुण्यांच्या वहीत नाव आणि वेळ लिहायची, आणि वॉटीशेजारी बसून त्याच्या हातात सुतळीचा गुंडा द्यायची. पहिले काही दिवस त्याने गाठी मारल्या. मग नुसता धरून बसू लागला.

मे महिन्यात एका दुपारी ती पोचली आणि पाचच मिनिटांत घंटा वाजायला लागली. आगीची तालीम होती, खरी आग नव्हती. पण सगळ्यांना बाहेर काढलं. खुर्च्या ढकलत, हात धरून, लाल पांघरुणं अंगावर टाकून म्हाताऱ्या माणसांना गाड्या उभ्या करायच्या जागेत आणलं आणि भिंतीशी रांगेने उभं केलं, ज्यांना उभं राहता येत नव्हतं त्यांना बसवलं. वारा होता. नेटाने वॉटीच्या कोटाची बटणं लावली. त्याने हनुवटी वर केली.

एक तरुण मुलगी कागद लावलेली फळी घेऊन आली. तिने पेन्सिल उचलली आणि रांगेच्या पहिल्या टोकापासून एकेकाकडे रोखत मोठ्याने मोजायला सुरुवात केली.

"एक. दोन. तीन."

नेटाला पुढे होऊन त्या मुलीचा हात धरायचा होता. अगं, इम्रींना मोजत नाहीत. याला सोड. याला 'पुरेसे' म्हणू दे. शब्द ओठांशी आले आणि तिथेच राहिले. कारण तिच्या डोळ्यांसमोर तेरा टोप्या होत्या, आणि वर केलेला ह्यूचा हात.

"चौदा. पंधरा. सोळा."

पेन्सिल वॉटीकडे वळली. नेटाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मान ताठ होईल, तो एक पाऊल मागे सरेल, निदान कपाळाला आठी पडेल म्हणून ती बघत राहिली.

वॉटीने हात वर केला. वर्गात करतात तसा, सरळ.

"सतरा," तो स्वतःच म्हणाला.

"शाब्बास वॉटी!" मुलगी म्हणाली, आणि तो खुशीने हसला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं, शेजारी उभ्या असलेल्या नेटाकडे पाहिलं, आणि त्याचं हसू मावळलं. त्याला कसलीतरी काळजी लागली. त्याने तिची बाही धरली.

"तुम्हाला मोजलं का?"

"नाही," नेटा म्हणाली.

"मग मागे राहाल तुम्ही." तो मुलीकडे वळून मोठ्याने म्हणाला, "ए पोरी, हिला पण धर. ही राहिली."

"त्या पाहुण्या आहेत, वॉटी," मुलगी पुढच्या माणसाकडे पेन्सिल नेत हसून म्हणाली. "पाहुण्यांची वही वेगळी असते. अठरा. एकोणीस."

मोजणी बरोबर भरली. दार उघडलं आणि रांग एकेक करून आत जाऊ लागली. वॉटीचा हात नर्सने धरला. नेटाच्या बाहीवरची त्याची बोटं सुटली, पण दारापर्यंत जाताना त्याने दोनदा वळून तिच्याकडे पाहिलं, ती अजून मागेच राहिली आहे म्हणून.